तीन नंबरचं टेबल

४ मार्च

प्रिय आत्या,

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारणार नाहीस. फोनवर तू "बरं, ठेवते" एवढंच बोलतेस आणि मेसेज तर वाचतच नाहीस. म्हणून हे छापून पाठवतेय, तू सांगितलंस तसं मोठ्या अक्षरात. बाबा म्हणाले, "भिंगरे, तिला कागदावर गाठ, कागदावर ती माणसासारखी बोलते." हे तुझ्या भावाचे शब्द आहेत. माझ्यावर चिडू नकोस.

आमचं बरं चाललंय आणि नाहीही. खोली तीच, झेरॉक्सच्या दुकानावरची. माणसंही तीनच. मी, लांब्या, आणि आमचा मौनीबाबा, जो दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि चारही बरोबर असतात. काम तुला माहीत आहेच, तरी बाबांना सांगताना तू गोंधळ घातलास म्हणून पुन्हा सांगते. दातांचे डॉक्टर हाताने स्लिप लिहितात, कुठला दात, कसली कॅप, कोणता रंग, कधी हवी. आमचं सॉफ्टवेअर त्या स्लिपचा फोटो वाचतं आणि दात बनवणाऱ्या लॅबला सरळ कामाची यादी करून देतं. अकरा लॅब ते वापरतात.

आता मध्येच थोरली कंपनी आलीय. तीच, जिच्यावर या लोकांची पत्रं, कॅलेंडर, सगळं ऑफिस चालतं. तिने त्यातच स्लिप वाचायची सोय टाकलीय, तीही फुकट. लॅबवाल्यांच्या संघटनेने ठरवलं की मे महिनाभर प्रत्येक लॅबमध्ये अर्ध्या स्लिपा एका सॉफ्टवेअरवर, अर्ध्या दुसऱ्यावर चालवायच्या आणि कुणामुळे किती कामं परत येतात ते बघायचं. सुरुवातीला सॉफ्टवेअरला शिकवायला दोघांना जुन्या नोंदीही त्याच दिल्यात, म्हणजे कुणी कुरकुर करायला नको. जूनमध्ये प्रत्येक लॅब आपापलं ठरवेल. सगळ्या गेल्या तर आमचं शटर खाली. रडत नाहीये, सांगतेय.

त्या नोंदी म्हणजे तुमच्याच लॅबच्या, तू काम सोडलंस त्याआधीच्या आठ वर्षांच्या. मालकांनी पेटाऱ्यातून काढल्यासारख्या काढून दिल्या. प्रत्येक कामाची स्लिप आणि शेवटी लॅबमधून बाहेर पडलेलं काम, दोन्ही आहेत. आणि आत्या, नऊ कामांमागे एक जुळतच नाही! स्लिपवर एक रंग, कॅप दुसऱ्याच रंगाची. इतक्या चुका करायचात तुम्ही? बाबांच्या शर्टाची कॉलर आणि बाही वेगवेगळी पांढरी आहेत असं सांगून त्यांना लग्नाला जाताना शर्ट बदलायला लावणारी तू!

असो. ती सगळी न जुळणारी कामं आम्ही काढून टाकली. आता आमचं वाचन जवळजवळ थोरल्या कंपनीइतकं अचूक आहे.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

भिंगरे,

पत्र वाचलं आणि तुझ्या बापाला फोन करून आधी त्याला झापलं. तू लांब आहेस म्हणून वाचलीस.

चुका? तीस वर्षं त्या लॅबमध्ये काढली मी. चूक कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. नीट ऐक.

आमच्याकडे जिन्याखालचे डॉक्टर होते. जिन्याखाली दवाखाना, आत पिवळा दिवा. रंगाची पट्टी दाताशी धरून बघायची, तर हे महाशय खुर्चीत बसल्या बसल्या नजरेनेच ठरवायचे. त्या उजेडात सगळ्या जगाचे दात पिवळे. ते ए-तीन लिहायचे, आम्ही एक पायरी फिका ए-दोन करायचो. वीस वर्षांत त्यांचं एक काम परत आलं नाही. ते म्हणायचे, "माझी नजर पक्की आहे." आम्ही म्हणायचो, "हो डॉक्टर."

दुसऱ्या एक घाईवाल्या डॉक्टरीणबाई. त्या सरसकट ए-दोन लिहायच्या, पेशंट वीस वर्षांचा असो की सत्तरचा. त्यांना फोन करून वय विचारायचं. आणि एक नवा डॉक्टर डावं-उजवं आपल्या बाजूने लिहायचा, पेशंटच्या नाही. तो निस्तरायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला.

हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायचं कुणी? टेबलावर बसणाऱ्याला माहीत असतं, तो शेजारच्याला सांगतो. तुमच्या थोरल्या कंपनीला स्लिप अगदी बरोबर वाचता येत असेल. तशीच्या तशी कॅप बनवा म्हणावं, आणि बघा पेशंट आरशासमोर काय बोलतो ते.

नऊमागे एक जुळत नाही ना? तेच आमचं काम होतं, बाई. बाकीची आठ कुणीही करेल. तू दाणे फेकून फोलपटं जपून ठेवलीस. आधी ती सगळी परत घे.

आणि एक. आमची पद्धत अशी की दुरुस्ती करायची, पण परस्पर नाही. थोडी जरी शंका आली तर फोन उचलायचा. तुझं यंत्र शहाणपणा करून गुपचूप बदलायला लागलं तर डॉक्टर पहिला दगड लॅबवर टाकतील. त्याला विचारायला शिकव.

अक्षर अजून थोडं मोठं कर पुढच्या वेळी.

आत्या


३ एप्रिल

प्रिय आत्या,

कान धरून उभी आहे. खरंच.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. लांब्याने डोक्याला हात लावला. मौनीबाबा म्हणाला, "आपण तीन महिने कचरा समजून सोनं फेकत होतो." त्या दिवसाचं त्याचं एकुलतं एक वाक्य.

सगळी कामं परत घेतली. आता आमचं सॉफ्टवेअर नुसती स्लिप वाचत नाही, स्लिप कुणी लिहिली तेही बघतं. जिन्याखालचे डॉक्टर ए-तीन लिहितात तेव्हा पडद्यावर येतं, "हे डॉक्टर एक पायरी गडद लिहितात. विचारून घ्यायचं का?" बदलत काही नाही, फक्त विचारतं. परवा एका लॅबमध्ये दाखवलं, तर तिथल्या जुन्या बाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

आत्या, मला पहिल्यांदा वाटतंय की आपण टिकू. थोरली कंपनी जगभरातल्या स्लिपा वाचते. आम्ही दीडशे डॉक्टर ओळखतो. त्यांना या दीडशे माणसांसाठी एवढं खाली वाकायला वेळ नाही, आणि आम्हाला दुसरं काम नाही.

एक अडचण आहे, आणि ती तूच सोडवशील. शेवटच्या दीड वर्षाच्या नोंदींत एका टेबलाची कामं समजत नाहीत. तीन नंबरचं टेबल. बाकीच्यांच्या दुरुस्त्यांना काहीतरी धरबंध आहे. या टेबलावर त्याच डॉक्टरांचं काम कधी एक पायरी फिकं, कधी एक पायरी गडद. परत आलेली कामंही तिथलीच जास्त दिसतात. तिथे कोण बसायचं? तू पहिल्या टेबलावर असायचीस ना, तुला समोरून दिसत असणार. मालकांना विचारलं तर म्हणाले, "आत्यांनाच विचारा," आणि विषय बदलला.

ही कामं ठेवू की काढू? तू म्हणशील ते.

तुझी,
भिंगरी


११ एप्रिल

भिंगरे,

तीन नंबर खिडकीजवळचं टेबल. तिथे चांगल्या हाताचं माणूस बसायचं. पुढच्या दातांची अवघड कामं मुद्दाम तिथेच द्यायचे. अवघड कामं जास्त परत येतात, त्यात नवल काय? सोपी कामं करणाऱ्याचं काही परत येत नाही.

धरबंध दिसत नाही म्हणतेस, तर डॉक्टर लहरी असतील. माणसाचा हात म्हणजे काही गणिताचं पुस्तक नाही. ठेव ती कामं.

इकडे सगळं ठीक. तुझा बाप परवा येऊन गेला आणि माझ्या खिडक्या पुसून गेला. म्हणाला, "काचा धुरकट झाल्यात असं तूच म्हणत होतीस." म्हटलं, झाल्या असतील. तब्येत बरी आहे.

आत्या


९ मे

प्रिय आत्या,

आज जरा वाईट बातमी देते.

परीक्षा सुरू होऊन आठवडा झाला. परत आलेली कामं: आमच्यामुळे चौदा, थोरल्या कंपनीमुळे अकरा. मागच्या दातांना आम्ही कितीतरी पुढे आहोत. पण पुढच्या दातांना आमचं सॉफ्टवेअर नको तिथे शंका काढतं आणि हवी तिथे गप्प बसतं. एका लॅबमध्ये तर आमच्या सल्ल्याने एका शिक्षिकेचा वरचा पुढचा दात दोन पायऱ्या गडद झाला. बिचारी वर्गात कशी गेली असेल!

लांब्या म्हणतो, तीन नंबरच्या टेबलाचा घोटाळा आहे, ती कामं काढू. मी नाही म्हटलं. तुला सांगितलं नव्हतं, पण तू चांगल्या हाताचं माणूस म्हणालीस म्हणून मी त्या टेबलाच्या कामांना दुप्पट वजन दिलंय. एक काम दोन कामांइतकं धरायचं. लांब्याला म्हटलं, माझ्या आत्याला तीस वर्षांचा अनुभव आहे, तुला किती आहे? तो म्हणाला, "मला कामं परत आलेली दिसतायत, तेवढा अनुभव पुरे." मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तो चार दिवस आलेला नाही. थोरल्या कंपनीने त्याला नोकरीसाठी बोलावलंय, हे मला मौनीबाबाने कागदावर लिहून दाखवलं.

आमचंच काहीतरी चुकत असणार. कुठे, ते कळत नाही. तीन आठवडे उरलेत. तुला आणखी काही आठवलं तर कळव, कितीही बारीक असो.

भिंगरी


१३ मे

भिंगरे,

हे कुरियरने पाठवतेय. फोन हातात घेतला होता दोनदा. दोन्ही वेळा परत ठेवला.

तीन नंबरच्या टेबलावर मी बसायचे.

पहिल्या टेबलावरून मी स्वतःच तिथे गेले. सगळ्यांना सांगितलं, पंख्याचा वारा लागतो. खरं कारण म्हणजे खिडकीचा उजेड. पट्टीवरचा ए-दोन आणि ए-तीन मला सारखेच दिसायला लागले होते. एका सकाळी दोन्ही हातात घेतले आणि कुठला कुठला ते कळेना. पट्टी उलटी करून मागचा आकडा वाचला. त्यानंतर रोज आकडा वाचूनच काम केलं. पण भट्टीतून निघालेल्या कॅपच्या मागे आकडा नसतो. तिथे अंदाजाने, सवयीने, कधी नुसत्या हिमतीने.

डॉक्टर लहरी नव्हते. मी आंधळेपणाने रंग लावत होते.

काम परत आलं की छोट्या डबीत यायचं. मी डबी ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरं करायचे. मालक बघायचे, पण तीस वर्षांच्या माणसाला बोलायचं कसं? शेवटी मीच म्हटलं, कंटाळा आला, सोडते. त्यांनी फुलं दिली, भाषण केलं, म्हणाले, "अशी नजर पुन्हा होणे नाही." मी ती फुलं घेतली गं.

मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचं काम, करून टाका. दीड वर्ष टाळतेय. ऑपरेशनची भीती नाही वाटत. डोळे साफ झाल्यावर मी केलेले दात लोकांच्या तोंडात दिसतील, त्याची वाटते.

तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्या डोळ्यांत आत्या म्हणजे कुणीतरी मोठी आहे, ते जाईल म्हणून खोटं बोलले. आणि तू त्याला दुप्पट वजन दिलंस. ती ओळ वाचली आणि मी हातातलं काम टाकून जिन्यावर जाऊन बसले.

शेवटची दीड वर्षं, तीन नंबर, सगळं काढ. त्याआधीची सहा-साडेसहा वर्षं पहिल्या टेबलावरची मी आहे, ती ठेव. तिथे माझी नजर होती.

त्या लांब्याची माफी माग. त्याला माझी चूक दिसत होती, आणि तू माझ्यावर भरवसा ठेवलास. चुकलं तुम्हा दोघांचंही नाही.

आत्या


१२ जून

आत्या,

आधी निकाल सांगते, मग भांडते.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी लांब्याच्या दारात गेले. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, चपला घातल्या आणि म्हणाला, "चल." तीन दिवसांत आम्ही ते टेबल काढून सगळं नव्याने शिकवलं. नंतरच्या दोन आठवड्यांत आमच्यामुळे सहा कामं परत आली, थोरल्या कंपनीमुळे एकोणतीस.

अकरापैकी सात लॅब आमच्याकडे राहिल्या. चार गेल्या. त्यांचं म्हणणं, तुमचं चांगलं आहे हो, पण आमचं सगळंच तिकडे आहे, एका गोष्टीसाठी दोन पडदे कोण उघडणार? पुढे आणखीही काही जातील. पण सातांवर आम्ही तिघं वर्षभर तरी उभे राहू. लांब्या राहिला. थोरल्या कंपनीला "नंतर बघू" म्हणाला, म्हणजे नाही.

मौनीबाबाने विचारलं, त्यांच्याकडेही त्याच नोंदी आहेत ना? आहेत. तीन नंबरचं टेबलही आहे. त्यांना कुणी पत्र लिहिलं नाही, एवढंच.

आता भांडण. दीड वर्ष तू धुरकट डोळ्यांनी एकटी रस्ते ओलांडतेस आणि मला लिहितेस "तब्येत बरी आहे"? बाबांकडून खिडक्या पुसून घेतल्यास! मी मोठी अक्षरं छापत राहिले, तरी मला कळलं नाही, माझीही अक्कल शेण खायला गेली होती. तुझं पत्र वाचून मी रडले, आणि ते आत्या लहान झाली म्हणून नाही. मला खोटं सांगितल्याचा राग आलाय, तो राहील थोडे दिवस. पण तुझ्यामुळे सात लॅब राहिल्या हेही खरं आहे. दोन्ही सांभाळून घे.

डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख मी घेतलीय, पाच जुलै. बाबा आदल्या दिवशी येतील, मी पाच तारखेला सकाळी. नाही म्हणायचं नाही.

भिंगरी


२१ जुलै

प्रिय भिंगरे,

तू गेल्यावर आठवड्याने डोळ्यांवरची हिरवी पट्टी काढली. हे पत्र चष्म्याशिवाय लिहितेय. तुझ्या बापाचे केस किती पांढरे झालेत गं! मला वाटत होतं करडे आहेत. त्याला म्हटलं तर म्हणाला, "तुलाच उशिरा बातमी लागली."

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई डबा घेऊन आली, कसं काय ते विचारायला. दोन वर्षांपूर्वी तिचा पुढचा दात तुटला होता, तिची कॅप मीच केली. ओळखीतली म्हणून खास बसून, तीन नंबरच्या टेबलावर. तेव्हापासून ही बाई हसताना हात तोंडावर धरते. मला वाटायचं लाजाळू आहे, काही जणांना सवय असते.

काल मी म्हटलं, "अगं, हात खाली घे."

ती म्हणाली, "नको काकू."

"घे म्हणते ना."

तिने घेतला. शेजारचे दात पांढरे आणि मधोमध माझा, जुन्या पियानोच्या पट्टीसारखा पिवळा. दारातून दिसत होता. रस्त्यावरून दिसत असेल. दोन वर्षं ही बाई हसायची तेव्हा तो झाकून हसायची, आणि मी रोज तिला जिन्यात भेटत होते.

विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

म्हणाली, "कॅप बसली तेव्हा तुम्ही इतक्या खुशीत होतात. मला म्हणालात, बघ, ओळखूच येत नाही."

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. नव्या डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण आता काय करणार?

उद्या सकाळी नऊला डॉक्टर ती कॅप काढतील. मी तिथे असेन, खिडकीशी, रंगाची पट्टी तिच्या दाताशी धरून. कॅप मीच करणार, मालकांना सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं, कुठल्या टेबलावर बसता? म्हटलं, तीनवर.

तुझी,
आत्या